उल्हासच्या पाणलोटात नव्या घरांनी किती जमीन घेतली? हिशोब लावायचाय

तिसरामजला | रवि, रात्री १०:१२

आमची सोसायटी बदलापूर पश्चिमेला, नदीपासून चालत सात-आठ मिनिटांवर. दर पावसाळ्यात एखादी रात्र अशी येतेच की सगळे बाप्ये छत्र्या घेऊन खाली उतरतात आणि गाड्या एकेक करून स्टेशनकडच्या उंच रस्त्यावर नेऊन लावतात. यंदाही ती रात्र आली. पाणी गेटला शिवून परत गेलं, आणि सकाळी सोसायटीच्या ग्रूपवर जुंपली. एक पार्टी म्हणते, धरण सोडलं. दुसरी म्हणते, वर कर्जतपर्यंत इतकी बांधकामं झालीत की पाण्याला जिरायला जागाच उरली नाही. तिसऱ्या पार्टीने सूर्यफुलाचा फोटो टाकला आणि विषय तिथेच मिटला.

मी अकाउंट्सचा माणूस. ‘इतकी’ म्हटलं की माझे हात शिवशिवतात. इतकी म्हणजे किती?

उल्हास राजमाची-खंडाळ्याच्या डोंगरात निघते आणि साधारण १२२ किमी वाहून वसईच्या खाडीला मिळते. भातसा, काळू, बारवी धरून सगळं खोरं साडेचार हजार चौ. किमीच्या वर जातं. एवढं मला झेपणार नाही. मला हवाय बदलापूरच्या बॅरेजच्या (नदीवरच्या बंधाऱ्याच्या) वरचा भाग: कर्जत, भिवपुरी, नेरळ, शेलू, वांगणी आणि आम्ही. २००१ नंतरच्या नव्या घरांखाली इथली किती जमीन गेली?

माझा पहिला हिशोब असा. बदलापूरची लोकसंख्या २००१ च्या जनगणनेत लाखाच्या आत होती, २०११ ला पावणेदोन लाखांच्या घरात गेली. म्हणजे दहा वर्षांत वाढले ७७ हजारांच्या आसपास. घरटी चार माणसं धरली की झाली १९ हजार घरं.

आता दर घरामागे जमीन किती? नमुना म्हणून आमचीच सोसायटी घेतली. प्लॉट ४२ गुंठे, फ्लॅट ९६. घरटी अर्ध्या गुंठ्यालाही कमी. समोरच्या रस्त्याची अर्धी रुंदी आमच्या नावावर टाकली तर आणखी साडेतीन गुंठे, म्हणजे घरटी ०.४७. सगळी १९ हजार घरं आमच्यासारखी असती तर ९० हेक्टरच्या आसपास भागलं असतं.

मग नेरळच्या पुढे मित्राने प्लॉट घेतलाय तिथे गेलो. आठ एकर, ६४ प्लॉट, मध्ये रस्ते, कमान, कमानीवर दोन सिमेंटचे हत्ती. पूर्ण बांधून झालं तरी घरटी पाच गुंठे! या दराने १९ हजार घरांना साडेनऊशे हेक्टर लागतील.

९० ते ९५०. हा अंदाज झाला की भविष्य? जाणकारांनी मदत करावी.

घोडबंदरी | रवि, रात्री १०:३१

हत्तींचा फोटो टाका आधी.

पेजकाठ | रवि, रात्री १०:५८

वाचतोय. धरणवाल्यांना एक सांगा: बारवीचं पाणी उल्हासला बदलापूरच्या खाली मिळतं. बारवी भरून वाहिली म्हणून तुमच्या गेटला पाणी येत नाही. तुमच्याकडे येतं ते आमच्याकडून येतं.

अवांतर: उन्हाळ्यात नदीत जे पाणी दिसतं त्यातलं बरंचसं या खोऱ्याचं नाहीच. घाटावरच्या ठोकरवाडी धरणाचं पाणी टाटांच्या भिवपुरी वीजघरातून खाली पेज नदीत येतं आणि पुढे उल्हासला. १९२२ पासून हे चालू आहे. म्हणजे भीमेच्या खोऱ्यातलं पाणी बदलापूरकर पितात. तेव्हा ‘पाणलोट’ म्हणताना पावसाचा पाणलोट म्हणा, नळाचा नाही.

चौरसफूट | रवि, रात्री ११:२०

पंधरा वर्षं याच पट्ट्यात आर्किटेक्ट म्हणून काम करतोय, म्हणून लिहितो.

तुमचे दोन्ही आकडे बरोबर आहेत. फक्त ते एकाच गोष्टीचे नाहीत. ४२ गुंठ्यांत इमारतींच्या छपराखाली किती जागा गेलीय ते बघा, बारा-तेरा गुंठे निघतील. उपग्रहाच्या फोटोत तेवढंच ‘घर’ दिसतं. बाकी पार्किंग, आतला रस्ता, पाण्याची टाकी, एसटीपी (सांडपाणी शुद्धीकरणाचा प्रकल्प) असेल तर तो. चार हजार चौ. मी.च्या वरच्या लेआउटला दहा टक्के मोकळी जागा सोडावीच लागते, ती कागदावर बाग असते.

माझं मत सरळ आहे. जमीन वाचवायची तर उंच बांधा. आठ एकरांत ६४ कुटुंबं बसवण्यापेक्षा एका एकरात शंभर बसवलेली बरी. लोक टॉवरला शिव्या घालतात आणि स्वतः शनिवार-रविवारच्या बंगल्यासाठी पाच गुंठे घेतात.

रेराच्या (गृहप्रकल्पांची नोंदणी करणाऱ्या प्राधिकरणाच्या) संकेतस्थळावर प्रत्येक प्रकल्पाचं भूखंडाचं क्षेत्र मिळतं. तिथून सुरू करा.

तिसरामजला | रवि, रात्री ११:४४

खाली जाऊन टॉर्चने बघून आलो (बायको विचारत होती कुठे निघालात). चौरसफूट म्हणतात ते खरं आहे. छपराखाली तेराच्या आसपास. चार गुंठ्यांची बाग, तिच्यावर तीन वर्षांपूर्वी पेव्हर ब्लॉक पडले, कारण चिखल होतो अशी तक्रार होती. ती तक्रार लिहिणारा सेक्रेटरी तेव्हा मीच होतो. आज ४२ गुंठ्यांत माती उरलीय ती आठ नारळांच्या आळ्यांत.

रेघोट्या | सोम, सकाळी ८:०५

ठाण्याहून. नकाशांचं काम करते, त्यामुळे गप्प बसवत नाही.

आधी हद्द ठरवा. जनगणनेचा आकडा नगरपरिषदेच्या हद्दीचा आहे आणि नगरपरिषदेची हद्द म्हणजे पाणलोट नव्हे. पाणलोटाला जिल्हाही नसतो, तुमचा अर्ध्याहून जास्त भाग रायगडात, कर्जत तालुक्यात आहे. बॅरेजपाशी निर्गमाचा बिंदू, म्हणजे सगळं पाणी जिथून बाहेर पडतं ती जागा, धरला तर त्याच्या खालची बदलापूरची वस्ती हिशोबातून गळते, आणि माथेरानच्या डोंगराची पूर्वेची उतरण आत येते. पश्चिमेची नाही, ती गाढी नदीला पनवेलकडे जाते. माथेरानच्या पठारावर शेजारी-शेजारी दोन हॉटेलं असतील आणि त्यांच्या पागोळ्यांचं पाणी दोन वेगळ्या खाड्यांना जाईल.

हद्द काढायला फुकटात उंचीचा डेटा मिळतो. नासाचा एसआरटीएम आहे, इस्रोच्या भुवन संकेतस्थळावर कार्टोसॅट उपग्रहाचा आहे, दोन्हींत एक ठिपका ३० मीटरचा. क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये घाला, निर्गम बिंदू द्या, संगणक रेघ काढून देतो. डोंगरात ती रेघ उत्तम येते. खाली सपाटीवर फसते. रेल्वेचा भराव त्याला डोंगरासारखा दिसतो आणि भरावाखालची मोरी दिसतच नाही, म्हणून तो पाणी भलतीकडे वळवतो. तिथे हाताने दुरुस्ती करायची, सर्व्हे ऑफ इंडियाचे ४७ ई आणि ४७ एफचे नकाशे शेजारी ठेवून.

रेराबद्दल: महारेराची नोंदणी मे २०१७ पासूनची आहे. त्याआधी पूर्ण झालेलं त्यात नाही. ५०० चौ. मी.पर्यंतचे भूखंड किंवा आठपर्यंत घरं असली तर नोंदणी लागत नाही, म्हणजे गावातल्या छोट्या इमारती गळल्या. उलट एकाच भूखंडावरचे तीन टप्पे तीन प्रकल्प म्हणून नोंदवले असतील तर तीच जमीन तिनदा मोजली जाईल. सर्व्हे नंबर जुळवल्याशिवाय बेरीज करू नका.

सातबाराप्रेमी | सोम, सकाळी ९:१७

मग बिनशेतीच्या नोंदीच घ्या ना. तलाठ्याकडे गाव नमुना २ असतो, त्यात बिनशेती जमिनीच्या नोंदी असतात. गाववार बेरीज केली की झालं.

चौरसफूट | सोम, सकाळी ९:४०

झालं नाही. एनए (बिनशेती) झालेली पण दहा वर्षं गवत उगवलेली जमीन हवी तेवढी आहे. आणि उलट बाजूने, विकास आराखड्यात निवासी दाखवलेल्या जमिनीला २०१७ नंतर वेगळी एनए परवानगी लागत नाही. गावठाणातली घरं तर कधीच त्या वहीत नव्हती. गुंठेवारीबद्दल बोलायलाच नको.

सातबाराप्रेमी | सोम, सकाळी ९:४३

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे).

घोडबंदरी | सोम, दुपारी १:२२

उपग्रहाचा फोटो घ्या, राखाडी ते घर, हिरवं ते रान. इतका काथ्याकूट कशाला?

रेघोट्या | सोम, दुपारी १:५०

तसंच करून माझं पहिलं वर्ष वाया गेलं होतं, म्हणून सांगते.

सेंटिनेल-२ उपग्रहाचे फोटो २०१५ नंतरचे, एक ठिपका दहा मीटरचा, फुकट. त्याआधीचं हवं तर लँडसॅट, तीस मीटरचं. म्हणजे २००१ बघायचं तर एक ठिपका नऊ गुंठ्यांचा. त्यात तुमच्या मित्राचा बंगला कुठे दिसणार?

दुसरं, महिना. पावसाळ्यात ढग. एप्रिल-मेमध्ये कोकणातलं कापणी झालेलं भाताचं खाचर, कातळ, वीटभट्टी आणि सिमेंटचं अंगण उपग्रहाला जवळजवळ सारखंच दिसतं. बांधकाम ओळखायचा जो निर्देशांक वापरतात त्याने मे महिन्यात अख्खा वांगणीचा माळ शहर म्हणून रंगवला होता. नोव्हेंबर-डिसेंबरचे फोटो घ्यायचे, तेव्हा रानात ओल असते. आणि उलटी चूक म्हणजे आंब्याच्या झाडाखालचं फार्महाउस कोणत्याच महिन्यात दिसत नाही.

घोडबंदरी | सोम, दुपारी १:५३

बरं, मागे घेतो. आमच्या ठाण्यात सोपंय, येऊरचं जंगल सोडून सगळं राखाडीच.

खाचरकर | सोम, रात्री ९:३५

मी वांगणीजवळचा. लिहायची सवय नाय, सांभाळून घ्या.

तुम्ही घर मोजताय, मी तुम्हाला जमीन कशी जाते ते सांगतो. आमचं खाचर नदीच्या अलीकडे. आजोबांच्या वेळेपासून भात, नंतर कर्जत-३ लावायचो. बांध गुडघ्याच्या खाली, पाणी साठतं चार बोटं ते वीतभर. पहिला पाऊस लागला की रात्री बत्ती घेऊन वलगणीला जायचो. मासे नदीतून ओहोळाने वर खाचरात चढतात अंडी घालायला, पाण्याला असा खळखळ आवाज येतो. आई दाराशी पाटा धुऊन बसलेली असायची.

२०१४-१५ ला शेजारच्याने विकली. पहिलं काय आलं? घर नाय, डंपर. दिवसाला तीस-चाळीस फेऱ्या, मुरूम आणि कुठल्या तरी पाडकामाचा राबिट. त्या भरावात कोणाच्या बाथरूमच्या निळ्या फरशा, तुटलेला बेसिन. महिन्याभरात ते रान आमच्या बांधापेक्षा पुरुषभर उंच. घर यायला पुढे चार वर्षं लागली. पण ओहोळ त्याच महिन्यात मेला. त्यांनी एक पाइप टाकला होता, तो दुसऱ्या पावसात गाळाने बुजला. आता आमच्या खाचरात पाणी येतं ते नदीकडून नाय, त्यांच्या भरावावरून उलटं येतं, आणि लवकर निघत नाय. लावलेलं कुजतं. मग गिऱ्हाईक येतंच, बोलतं, पिकत तर नाय, विकून टाका.

तर माझा प्रश्न. ती चार वर्षं ती जमीन तुमच्या हिशोबात कशात होती? शेतात की घरात?

पेजकाठ | सोम, रात्री ९:५०

काय लिहिलंय. सवय नाही म्हणे.

नेरळची_माई | सोम, रात्री १०:०४

पाटा धुऊन बसायची हे वाचून डोळ्यांत पाणी आलं हो. आमच्याकडे वलगणीचे मासे नुसते हळद-मीठ-तिखट आणि आंबोशी घालून. आता बाजारात जे म्हणून विकतात ते तळ्यातले.

तिसरामजला | सोम, रात्री १०:२८

खाचरकर दादा, तुमच्या प्रश्नाने माझी वही बदलली. मी हिशोबाला ‘घर झाल्यापासून’ सुरुवात करत होतो, खरं तर खर्च पडतो डंपर आला त्या दिवशी.

एक गणित करून बघितलं, चुकलं तर सांगा. एक गुंठा म्हणजे १०१ चौ. मी. खाचरात दहा सेंटीमीटर पाणी साठतं असं धरलं तर गुंठ्याला दहा हजार लिटर. म्हणजे आमच्या सोसायटीत उन्हाळ्यात येतो तो एक टँकर! आमच्या ४२ गुंठ्यांवर पूर्वी भातच व्हायचा असं जुने लोक सांगतात. म्हणजे ४२ टँकर पाणी थांबवून धरणारी जागा होती ती. आज त्यावर पडलेलं पाणी पाच मिनिटांत गटारात, आणि मे महिन्यात आम्ही तेच टँकर विकत घेतो.

मूळव्याज | सोम, रात्री ११:०१

हायड्रोलॉजीचा विद्यार्थी होतो एके काळी, आता बँकेत आहे. गणित बरोबर आहे, निष्कर्ष थोडा आवरा.

खाचर आधीच काठोकाठ भरलेलं असेल तर पुढचा पाऊस ते थांबवत नाही, बांधावरून सोडून देतं. जुलैच्या शेवटी आपल्याकडची जमीनही पाण्याने तुडुंब असते. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिमी पडला. तसल्या पावसात हेक्टरी ९४ लाख लिटरच्या वर पाणी येतं, तिथे खाली भात आहे की पेव्हर ब्लॉक याने पुराची उंची फारशी बदलत नाही. २७ जुलै २०१९ ला बदलापूर-वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्सप्रेस अडकली, हजाराहून जास्त प्रवासी बोटींनी काढावे लागले, तीही निव्वळ घरांमुळे अडकली असं म्हणणं कठीण आहे. तिथे रूळच नदीला खेटून जातात.

बांधकामाचा फरक सगळ्यात जास्त दिसतो तो लहान आणि मध्यम पुरांत आणि ओढ्यांत. पूर्वी वर्षाआड भरणारा ओढा आता वर्षात तीनदा भरतो, आणि लवकर भरतो.

दुसरं, खाचरकरांचा भराव हा वेगळाच मामला आहे. डोंगराच्या पायथ्याशी एक हेक्टर फरसबंदी केली तर पाणी लवकर खाली येतं. नदीकाठी एक हेक्टर भराव टाकला तर नदीची पसरायची जागाच जाते, ते पाणी शेजाऱ्याकडे सरकतं. दोन्ही हेक्टर एकाच बेरजेत टाकू नका.

चौरसफूट | मंगळ, सकाळी ७:५५

याची नियमातली बाजू सांगतो. निळी पूररेषा म्हणजे २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळीच्या आत बांधकाम नाही. निळी आणि लाल यांच्या मध्ये परवानगी मिळते, पण जोतं लाल रेषेच्या वर किमान ०.४५ मीटर हवं. आता जोतं वर घ्यायचं तर दोन उपाय: खांबांवर उचला किंवा भराव टाका. खांबांवर खर्च जास्त. पुढचं खाचरकरांनी लिहिलंच आहे.

टॉवरबद्दलचं माझं म्हणणं मात्र कायम. फक्त ‘कुठेही टॉवर’ असं म्हटलं नव्हतं.

खाचरकर | मंगळ, सकाळी ८:१०

नव्हतं म्हटलं, पण काढता तुम्ही नदीकाठीच. रिव्हर व्ह्यू लिहायला मिळतो ना.

चौरसफूट | मंगळ, सकाळी ८:१४

मान्य. एका ब्रोशरवर माझ्याच ड्रॉइंगमधली नदी आहे.

नेरळची_माई | मंगळ, सकाळी १०:४०

मला एक शंका. नवीन घर म्हणजे माणूस राहतो ते, की कुलूप असतं ते? आमच्या समोरच्या स्कीममध्ये रात्री मोजून सहा दिवे लागतात.

तिसरामजला | मंगळ, दुपारी १२:०५

माई, मुद्द्याचं विचारलंत. माणसं भागिले चार केलं की कुलपाची घरं हिशोबातच येत नाहीत, जमीन मात्र गेलेली असते. मित्राच्या त्या स्कीममध्ये आजवर ९ घरं बांधून झालीत. ३२० गुंठे भागिले ९ म्हणजे घरटी साडेपस्तीस गुंठे. आमच्या सोसायटीच्या पंचाहत्तर पट! लोकसंख्येवरून जमीन काढायची ही पद्धतच मी सोडली.

शिवाय २०२१ ची जनगणना झालीच नाही, पुढची २०२७ ची. तोवर काय हत्ती मोजत बसायचं?

पेजकाठ | मंगळ, दुपारी १२:३०

पुढचाही विचार करा. २०२४ मध्ये गिरणी कामगारांसाठी शेलू-वांगणीकडे ८१ हजार घरं बांधायचं सरकारने ठरवलंय. बऱ्याच कामगारांना मुंबईतच घर हवंय, ते वेगळं. पण झाली समजा, तर तुमच्या सोसायटीच्या दराने ३८० हेक्टरच्या पुढे जातं. रस्ते, शाळा, स्टेशनची वाट धराल तर त्याहून जास्त.

मूळव्याज | मंगळ, दुपारी १२:४८

आणि तिथे वस्ती टाकायची तर ती दरीच्या तळाशी येणार की माळावर, यावर सगळं. आकडा तोच राहील, पूर वेगळा येईल.

घोडबंदरी | मंगळ, दुपारी १:१५

वडोदरा-मुंबई द्रुतगती मार्गही बदलापूरवरून जातो. तो घरांच्या खात्यात की रस्त्याच्या?

तिसरामजला | मंगळ, दुपारी १:१९

रस्त्याच्या. त्याच्या आजूबाजूला ‘द्रुतगती मार्गापासून पाच मिनिटं’ म्हणून जे उगवेल ते घरांच्या.

रेघोट्या | मंगळ, रात्री ९:२०

सगळ्यांचं ऐकून एक साधी रीत सुचवते. सॉफ्टवेअरला रंगवायला लावू नका, ठिपके मोजा.

पाणलोटाच्या हद्दीत संगणकाकडून यादृच्छिक, म्हणजे लॉटरीसारखे कुठेही, ठिपके टाकून घ्यायचे. प्रत्येक ठिपका गूगल अर्थवर उघडायचा, आजचा फोटो बघायचा, मग मागे सरकवत जुना बघायचा. त्या ठिपक्याखाली काय होतं आणि आता काय आहे एवढंच लिहायचं. समजा ४०० ठिपक्यांपैकी २४ नव्या वस्तीवर पडले. म्हणजे सहा टक्के, कमीजास्त सव्वादोन-अडीच टक्के. खरा आकडा साडेतीन ते साडेआठच्या मध्ये कुठे तरी. चूक निम्मी करायची तर ठिपके चौपट, १६०० लागतील. कंटाळवाणं आहे, पण वीटभट्टी आणि घर यातला फरक माणसाच्या डोळ्याला कळतो.

रकाने मात्र आधी ठरवा. माझ्या मते: छप्पर. छपराशिवायची टणक जागा, म्हणजे रस्ता, पार्किंग, पेव्हर. वस्तीतली माती, म्हणजे बंगल्याभोवतीचं गवत, रिकामा प्लॉट. आणि शेत-रान. पहिले दोन पाण्यासाठी, पहिले तीन शेतीतून गेलेल्या जमिनीसाठी. तुमच्या ग्रूपवरच्या भांडणात दोन्ही पार्ट्या वेगवेगळ्या बेरजेबद्दल भांडतायत.

तिसरामजला | बुध, रात्री ११:३८

रेघोट्याताईंनी पाठवलेली हद्द आणि ठिपक्यांची फाइल उघडली. पहिले वीस केले. दीड तास लागला, कारण प्रत्येक ठिपक्यावर झूम करून ‘अरे हे तर…’ होतं.

११ डोंगरात आणि रानात, त्यातला एक तर कड्याच्या तोंडावर. ६ शेतात. एक नदीच्या पात्रात. एक वीटभट्टीवर. एक प्लॉटिंगच्या लाल मातीच्या रस्त्यावर, आजूबाजूला एकही घर नाही. छपरावर शून्य.

म्हणजे उल्हासच्या पाणलोटात घरंच नाहीत, मी हा धागा आकाशातून लिहितोय.

मूळव्याज | बुध, रात्री ११:५२

विसावर काही ठरत नाही. पण तुमचे निम्म्याहून जास्त ठिपके जिथे कोणी घर बांधणार नाही तिथे खर्च होतायत. थर करा. डोंगर वेगळा, खालची दरी वेगळी. दोन्हींचं क्षेत्रफळ माहीत आहेच. डोंगरात १०० ठिपके पुरे, दरीत ५०० टाका आणि शेवटी क्षेत्रफळाच्या वजनाने जोडा. नदीकाठचा पट्टा तिसरा थर केलात तर खाचरकरांचा प्रश्नही वेगळा मोजता येईल.

रेघोट्या | गुरु, सकाळी ८:३०

+१. आज रात्री नवीन फाइल देते, तीन थरांची. एकेक ठिपका दोघांनी वेगवेगळा बघायचा, एकमेकांचं न बघता. जिथे पटत नाही तिथे तिसऱ्याने.

पेजकाठ | गुरु, सकाळी ८:५१

कर्जत-भिवपुरीकडचे दीडशे माझे. ओळखीची रानं आहेत, पटापट होतील.

चौरसफूट | गुरु, सकाळी ९:०२

बदलापूरचे मी घेतो. माझ्या इमारतींवर पडलेले दुसऱ्याने तपासा.

नेरळची_माई | गुरु, सकाळी ११:१६

मला मुलगा गूगल अर्थ लावून देणार आहे. नेरळचे पन्नास द्या. माथेरानच्या बाजूचे नकोत, तिथे मला काही दिसत नाही.

खाचरकर | शुक्र, रात्री १०:०९

वांगणी-शेलूचे बघतोय. अडतीस नंबरचा ठिपका नदीकाठच्या थरातला, तो माझ्या काकाचं खाचर. फोटो डिसेंबरचा आहे, त्यात शेत दिसतंय, बांधसुद्धा दिसतात. मी आज संध्याकाळी तिकडून आलो. मंगळवारपासून डंपर लागलेत. काय लिहू?

तिसरामजला | शुक्र, रात्री १०:१७

फोटोत शेत आहे तर फोटोपुरतं शेत लिहा, नाहीतर सगळ्यांच्या तारखा बिघडतील. पण शेजारी मी एक रकाना वाढवलाय, ‘भराव, प्रत्यक्ष पाहिलेला’. त्यात तारीख टाका. मंगळवारची.